ऱ्य नसलेला कॉम्प्युटर

आमच्या कॉम्प्युटरवर ऱ्य नव्हता. आचार्यांमधला र्य होता, सूर्यामधला होता, पण दुसऱ्या-तिसऱ्यातला ऱ्य काही केल्या उमटायचा नाही. ज्यांनी तो मराठी टायपिंगचा प्रोग्राम बनवला त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हिंदी असावी. हिंदीचं या अक्षरावाचून काही अडत नाही, मराठीचं पावलोपावली अडतं. मग आम्ही जॉब टायपिंगवाले मधे एक आडवी रेघ टाकून मोकळे व्हायचो. दुस-या. पाय-या. नव-याचे नाव. लोकही सवयीने बरोबर वाचायचे.

या रेघेपायी तीस वर्षांनी मी एका बाईचं राहतं घर जवळजवळ घालवलं होतं. संपादकांनी माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरच्या गमतीजमती मागितल्या आहेत. त्या सांगतेच, पण लिहायला बसले आहे ती त्या बाईंसाठी.

विलेपार्ल्याला, पूर्वेला, तळमजल्यावर आमचं घर. पुढची गॅलरी बंद करून घेतली होती आणि तिथे 'विजया टायपिंग' अशी पाटी लावली होती. विजया मीच. आधी टाइपरायटर होता. मग माझ्या नवऱ्याच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक आमच्याकडे आला. त्याला माउस नव्हता, हार्ड डिस्क नव्हती, फक्त दोन फ्लॉप्यांच्या खाचा होत्या. एकीत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसरीत आपल्या कामाची. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. इंग्रजीचा जो प्रोग्राम होता त्यात कंट्रोल, के आणि डी दाबलं की मजकूर सेव्ह व्हायचा. एखादा शब्द ठळक हवा असला की त्याच्या मागेपुढे खुणा टाकायच्या. शब्द पडद्यावर ठळक दिसायचा नाहीच, छापल्यावर कळायचं. एखादी खूण मिटवायची राहिली की तिथून पुढचं अख्खं पान ठळक. ज्यांनी तो प्रोग्राम वापरलाय त्यांची बोटं हे वाचतानाही हलली असतील. माझी अजून हलतात. मुलीच्या लॅपटॉपवर मी काही लिहायला बसले की मधेच कंट्रोल के दाबते आणि भलतीच खिडकी उघडते.

फाइलचं नाव आठ इंग्रजी अक्षरांत बसवावं लागे. आठांत सहस्रबुद्धे बसत नाहीत, अर्धवटराव बसत नाहीत. दोघी कुलकर्णी बहिणींचे लग्नाचे बायोडेटा मी एक आणि दोन आकडे टाकून ठेवले होते आणि थोरलीसाठी आलेल्या स्थळाला धाकटीचा छापून दिला होता. म्हणून मग मी एक पद्धत पाडून घेतली. छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी डावीकडे बारीक अक्षरांत 'विजया टायपिंग, पार्ले, फ्लॉ.' आणि फ्लॉपीचा नंबर. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी एक ओळ बदलायला आलं की तळाचा नंबर बघायचा, ती फ्लॉपी काढायची. मला या पद्धतीचा फार अभिमान होता.

आता माझ्या स्वभावाचं सांगते. मी संशयी आहे. घरचे म्हणतात की मी देवळातल्या देवाकडेही ओळखपत्र मागेन. पण हा धंदाच तसा होता. टायपिस्टसमोर लोक जेवढं उघडं करतात तेवढं डॉक्टरसमोरही करत नाहीत. मृत्युपत्रं, प्रतिज्ञापत्रं, घटस्फोटाच्या नोटिसा, वरिष्ठांविरुद्धच्या निनावी तक्रारी, सगळं माझ्या बोटांखालून जायचं. आणि वाचता वाचता मला विसंगती दिसायच्या. एका गृहस्थांच्या प्रतिज्ञापत्रात ते स्वतःच्या थोरल्या भावापेक्षा चार महिन्यांनी मोठे निघाले. मी लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "मग भावाचं वर्ष मागे घ्या ना, त्याला काय होतंय." मी घेतलं नाही. ते रागारागाने कागद उचलून अंधेरीला दुसऱ्या कुणाकडे गेले. अशी माणसं रोज बघितल्यावर मनात पाल चुकचुकायची सवयच लागते.

गिऱ्हाइकंही काही कमी संशयी नव्हती. करंदीकर नावाचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या सोसायटीविरुद्ध दर आठवड्याला एक तक्रारअर्ज टाइप करून घ्यायचे. माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. काम झालं की फाइल माझ्याकडून पुसून घ्यायचे, पुसल्यावर यादी दाखवायला लावायचे, मग फ्लॉपी हातात घेऊन उजेडात धरून बघायचे, जणू त्यांचा अर्ज आत चिकटलेला दिसणार होता. एकदा कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की प्रिंटरच्या रिबिनीवरून छापलेला मजकूर परत वाचता येतो. झालं, करंदीकर रिबीन मागायला लागले. मी समजावून सांगितलं की ही कापडी रिबीन आहे, गोल फिरते, एकावर एक हजार अक्षरं पडतात. त्यांना पटलं नाही. शेवटी वैतागून मी ती ओलसर रिबीन काढून दिली आणि त्यांनी ती पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यातला अर्ज माझ्याविरुद्ध होता, आणि तो टाइप करायलाही ते माझ्याकडेच आले.

त्या दिवसांत माझी मुद्रितं माझ्या सासूबाई वाचायच्या. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. निवृत्त झाल्या तरी हातातलं पेन सुटलं नव्हतं, शाईचं, बाटलीतून भरायचं. एका घराण्याचा कुलवृत्तांत माझ्याकडे आला होता, दीडशे पानांचा. छापायच्या आदल्या दिवशी मंडळी म्हणाली की आमच्या पणजोबांचं नाव सगळीकडे 'बाळ' पडलंय, ते 'बाळकृष्ण' करा. मी एका झटक्यात सगळीकडे बदलायची आज्ञा दिली आणि खूश होऊन छापायला घेतलं. सासूबाईंनी सत्तराव्या पानावर चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "विजू, बाळकृष्णंतपण म्हणजे गं काय?" त्या वृत्तांतात प्रत्येक सुनेचं बाळकृष्णंतपण माहेरी झालं होतं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. तशा आम्ही नंतर कधी हसलो नाही.

कारण पुढच्याच वर्षी गल्लीत बोभाटा झाला. एका मुलीचं वय बायोडेट्यात दोन वर्षांनी कमी लिहून घेतलं होतं, ते मुलाकडच्यांना कळलं. मुलीची आई माझ्या दारात येऊन वाटेल ते बोलून गेली. तो कागद मी, ती आई आणि सासूबाई एवढ्यांनीच पाहिला होता. मी सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही. सरळ सांगितलं, "आई, यापुढे गिऱ्हाइकांच्या कागदांना हात लावायचा नाही." त्या काही बोलल्या नाहीत. मला ते कबुली दिल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी तयार कागद पाकिटात घालून पाकिटाला स्टेपलरच्या पिना मारायला लागले. दुपारी दोन ते चार मी एका वकिलांकडे डिक्टेशन घ्यायला जायचे, तेव्हा कुणी आलं तर सासूबाईंनी फक्त बंद पाकीट द्यायचं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. बायोडेट्याची बातमी कुणी फोडली ते मला आजही माहीत नाही.

धंदा पुढे बदलला. प्रत्येकाच्या घरी कॉम्प्युटर आला, ऱ्य देखील आला, आणि मी पाटी काढून ठेवली. फ्लॉप्यांना बुरशी धरली होती, त्या सगळ्या भंगारात गेल्या. सासूबाईंना जाऊनही आता बारा-तेरा वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी सुनील तायडे नावाचे गृहस्थ माझा पत्ता शोधत आले. पन्नाशीच्या आतले, एका बँकेत नोकरीला. हातात एका कागदाची झेरॉक्स होती. कागदाच्या तळाशी डावीकडे 'विजया टायपिंग, पार्ले, फ्लॉ. १४'.

हकिगत अशी होती. अंधेरी पूर्वेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गोखलेबाई नावाच्या एकट्या बाई राहायच्या. सुनीलची आई, शांताबाई, नवरा गेल्यावर लहानग्या सुनीलला घेऊन बुलढाण्याकडून मुंबईत आली आणि गोखलेबाईंकडे कामाला राहिली. मग घरातलीच झाली. गोखलेबाईंचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. जाण्याच्या दोन वर्षं आधी गोखलेबाईंनी संमतिपत्र करून ठेवलं की ही माझ्या घरातली आहे, माझ्यामागे या खोलीत तिने राहावं. सोसायटीने तेव्हा कागद न बघता तोंडीच ते मानलं. शांताबाई तिथेच राहिल्या, सुनील तिथूनच शिकला, नोकरीला लागला. आता इमारत पाडून नवी बांधायची होती. नव्या इमारतीत कुणाकुणाला घर मिळणार त्याची यादी चालली होती, आणि गोखलेबाईंचा एक पुतण्या इतक्या वर्षांनी उगवला होता. त्याचं म्हणणं, हा कागद मागाहून बनवलेला आहे. त्या पत्रावर सही केलेले साक्षीदार वारलेले. सोसायटीच्या कमिटीने तायड्यांना सांगितलं होतं की कागद त्याच काळातला आहे असं कुणाकडून तरी लिहून आणा. नाहीतर यादीत तुमचं नाव नाही.

"मॅडम, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या ना, की हे टायपिंग तुमच्याकडचं आहे," सुनील म्हणाले.

मी मूळ कागद मागितला. ते म्हणाले, आई तो घराबाहेर काढू देत नाही, कपाटात कुलपात ठेवते, झेरॉक्ससुद्धा तिने दुकानात स्वतः उभं राहून काढून घेतली. मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. ज्याचा कागद खरा आहे तो दाखवायला का घाबरेल?

मग मी चष्मा लावून झेरॉक्स वाचली. पहिल्याच परिच्छेदात होतं, 'दुसऱ्या मजल्यावरील खोली'. पुढे 'माझ्या बऱ्यावाईट काळात'. शेवटी 'पायऱ्या चढवत नसतानाही तिने मला'. ऱ्य, ऱ्य आणि ऱ्य. तिन्ही सुरेख, य ला बिलगलेले. मी कागद खाली ठेवला. माझ्या मशीनवर हे अक्षर नव्हतंच. म्हणजे हा कागद मागाहून, चांगला प्रोग्राम आल्यावर कुणीतरी बनवला होता आणि माझ्या जुन्या कागदांवरची तळाची ओळ बघून खाली चिकटवली होती. इतकी वर्षं मी ज्या विसंगती शोधत आले त्यांतली ही सगळ्यात मोठी होती आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझी नजर अजून शाबूत आहे याचा आनंद.

मी सुनीलना सांगितलं की हा कागद माझ्याकडचा नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "पण आई स्वतः आली होती ना तुमच्याकडे, गोखलेआजींना घेऊन." मी म्हटलं, आठवत नाही, शेकडो लोक यायचे. ते निघून गेले.

तेवढ्यावर मी थांबले नाही. दोन दिवसांनी कमिटीचे सेक्रेटरी नाईक यांचा मला फोन आला, कागदावरच्या नावावरून त्यांनीही मला शोधून काढलं होतं. मी त्यांना दीड पान लिहून पाठवलं. ऱ्य म्हणजे काय, आमच्याकडे तो का नव्हता, आम्ही रेघ कशी टाकायचो, सगळं मुद्देसूद. खाली लपेटदार सही.

इथे एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गोखल्यांची खोली तायड्यांना कशी काय, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, आणि तो झेरॉक्समधला ऱ्य दिसायच्या आधी आला होता. सुनीलनी आडनाव सांगितलं तेव्हाच. हेच पत्र घेऊन कुणी जोशी किंवा लेले आला असता तर मी मूळ कागद बघायला अंधेरीपर्यंत गेले असते, अशी माझी खात्री आहे. तेव्हा मी हे स्वतःपाशीही मान्य केलं नसतं. मी म्हणत होते, मी फक्त अक्षर बघितलं.

दोन-अडीच महिने गेले. दिवाळी तोंडावर आली होती आणि मला खोबऱ्याच्या वड्यांचं सासूबाईंचं प्रमाण हवं होतं. पूर्वी कधीतरी नणंद परदेशी निघाली तेव्हा मी सगळा फराळ कॉम्प्युटरवर टाइप करून तिला छापून दिला होता. त्यातली एक प्रत सासूबाईंनी स्वतःसाठी ठेवली होती. त्यांच्या जुन्या वहीत ती घडी घातलेली सापडली. प्रिंटरच्या कागदाला असायची ती कडेची भोकाभोकांची पट्टी तशीच होती. मी वाचायला लागले, 'खोबऱ्याच्या वड्या'. खाली 'तिखटमिठाच्या पुऱ्या'.

खोबऱ्याच्या. पुऱ्या. मी खिडकीपाशी गेले. रिबिनीची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची, काळी. मधली माझी आडवी रेघही काळी. पण त्या रेघेला पुढे एक बारीक बाक काढून य ला जोडून दिला होता, आणि तो बाक तपकिरी पडला होता. शाईचं पेन. सबंध कागदभर, जिथे जिथे रेघ तिथे तिथे. माझ्या दुस-याचा सासूबाईंनी हाताने दुसऱ्या करून ठेवला होता.

झेरॉक्समध्ये तपकिरी आणि काळं सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधेरीला गेले. दोन मजले चढून दार वाजवलं. शांताबाईंनी उघडलं. सत्तरीच्या पुढच्या, पांढरी स्वच्छ साडी, केस घट्ट बांधलेले. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, शेजारी गोखलेबाईंचा. मी नाव सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मी म्हटलं, मला मूळ कागद फक्त बघायचाय, तुमच्या हातात धरा. त्यांनी जरा विचार केला, कपाट उघडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर केला.

तीन काळ्या रेघा आणि तीन तपकिरी बाक.

मी विचारलं, हे पेनने कुणी केलं? त्या म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंनी. शांताबाई आणि गोखलेबाई दुपारी पाकीट घ्यायला आल्या होत्या, मी घरी नव्हते. गोखलेबाईंनी दारातच पाकीट फोडलं आणि चष्मा विसरला म्हणून सासूबाईंना वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या की माणसाचं आयुष्यभराचं घर ज्या कागदावर आहे त्यात अशी तुटकी अक्षरं बरी नाहीत. गोखलेबाई हो म्हणाल्या. मग सासूबाईंनी पेन काढून उंबऱ्यातच बसून तिन्ही अक्षरं जोडून दिली. आणि जाताना सांगितलं की सुनेला कळवू नका, तिला आवडत नाही.

"मग तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मले कोणं विचारलं?" शांताबाई म्हणाल्या. "तुम्ही कागदाले विचारलं. पोराले विचारलं. मले कुठं विचारलं?"

बुलढाण्याची बोली त्यांच्या तोंडून अजून गेली नव्हती. त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं. मी पाठवलेलं दीड पान कमिटीत वाचून दाखवलं गेलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यात काय लिहिलं होतं ते त्यांना कुणी नीट सांगितलंही नव्हतं. यादीतून नाव काढायचं जवळपास ठरलं होतं. रविवारी शेवटची सभा होती.

रविवारी मी सभेला गेले. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. पुतण्या आला होता. मी नाईकांना सांगितलं की माझं आधीचं पत्र मी मागे घेते, कागद माझ्याकडचाच आहे. नाईकांनी माझ्याकडे बघितलं. मग पुतण्याकडे, मग शांताबाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती नजर मला ओळखीची होती. आयुष्यभर मी तीच वापरली होती.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले, "पण दोन महिन्यांपूर्वी तुम्ही दीड पान नाही म्हणून लिहिलंत. आता हो म्हणताय. मधे तुम्ही यांच्या घरी जाऊन आलात, बिल्डिंगने बघितलंय. आम्ही काय समजायचं?"

मी शाईचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, फराळाचा कागद दाखवला. पुतण्या हसला. म्हणाला, ही सगळी घरची कहाणी आहे, सासूबाई तर आता साक्षीला येणार नाहीत, शाईसुद्धा कुणीही लावेल. आणि मला कळत होतं की त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. फ्लॉपी नंबर चौदा मी स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिली होती.

मग मला एक सुचलं, पण ते बोलायची मला भीती वाटली. रिबिनीची शाई तेलकट असते, पाण्याने जात नाही. पेनची जाते. बाक पुसला गेला आणि खाली माझी छापील रेघ तशीच राहिली, तर तो कागद रेघेच्याच काळातला, हे कुणालाही डोळ्यांनी दिसलं असतं. चांगला प्रोग्राम हाताशी असताना कुणी रेघ छापून वर पेनने बाक काढत बसणार नाही. पण हे करायचं त्या एकमेव मूळ कागदावर. कागद जुना, ओला होऊन फाटला तर शांताबाईंकडे झेरॉक्सशिवाय काही उरणार नव्हतं. मी हळू आवाजात त्यांना हे सांगितलं. सुनील लगेच नको म्हणाले. मीही म्हटलं, नको, माझंच चुकत असेल.

शांताबाईंनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागद नाईकांच्या टेबलावर पसरला. मला विचारलं, कुठलं? मी 'पायऱ्या'वर बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट जिभेला लावलं आणि त्या अक्षरावरून एकदा, दोनदा, अगदी हलक्याने फिरवलं, बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढतात तसं. तपकिरी डाग पसरला. नाईक वाकले. पुतण्याही वाकला. डागाच्या खाली ठिपक्याठिपक्यांची काळी आडवी रेघ होती. पाय-या.

कमिटीतल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "आमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतही असंच होतं. नव-या मुलाचे मामा." दोघं-तिघं हसले. नाईकांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यांचा आवाज बदलला होता. शेवटी त्यांनी यादीत नाव कायम ठेवायचं जाहीर केलं आणि मला म्हणाले की तुमचं आधीचं पत्र फाइलला लागलंय, तेव्हा आता नवीन लेखी द्या, इथेच.

मी नाईकांकडून कागद आणि पेन घेतलं. पत्राची भाषा माझ्या हाडीमाशी खिळलेली, विचार करावा लागत नाही. लिहिलं, 'माझ्या दिनांक अमुकच्या पत्रात माझ्या नजरचुकीमुळे सदर कागद माझ्याकडील नसल्याचे कळविण्यात आले होते.' कळविण्यात आले होते. जणू कळवणारी कुणी वेगळीच होती. पुढचं वाक्य लिहिण्याआधी शांताबाईंनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"नजरचूक नका लिहू," त्या म्हणाल्या. "नजर तुमची चांगलीच हाय. तीनही अक्षरं बरोबर दिसली तुमाले."

"मग काय लिहू?"

त्यांनी विचार केला. सुनील त्यांना म्हणाले, आई, जाऊ दे ना, झालं ना आता. नाईकही म्हणाले की चालेल हो, काम झाल्याशी मतलब. शांताबाईंनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या, "मी या बाईले विचारलं नाही. तिचं खरं असंल असं मले वाटलं नाही."

तीसेक वर्षं लोक सांगतील ते मी टाइप केलं होतं. एखादा अपवाद सोडला तर काय वाटेल ते केलं होतं, आणि कधी हात अडखळला नव्हता. ते वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. शांताबाई शेजारी उभ्या राहून एकेक अक्षर बघत होत्या. सही झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सुरुवातीपासून स्वतः वाचला, आणि मग नाईकांना दिला.